मोटारगाडीची बीडिंग, क्लॅडिंग आणि मोनोग्राम : इजा न होता काढण्याची पद्धत

मोटारगाडीच्या पत्र्यावर बाहेरून बसवलेल्या भागांमध्ये दारांवरील बीडिंग, चाकांभोवतीचे व दारांच्या खालच्या अंगाचे प्लास्टिक आवरण म्हणजेच क्लॅडिंग, काचेच्या कडेची पट्टी, छतावरील पट्टी, मागच्या दारावरचा क्रोमचा पट्टा, गाडीच्या नावाचे मोनोग्राम, पुढची जाळी आणि बंपर यांचा समावेश होतो. या भागांवर गाडीच्या सांगाड्याचा भार नसतो. म्हणून कारखान्यात ते वेल्डिंगने न जोडता क्लिपा, स्क्रू किंवा चिकटपट्टी यांच्या आधाराने बसवले जातात, आणि त्यामुळेच ते काढणे म्हणजे नुसते ओढून घेणे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात पत्र्याला पोचा पडणे, रंगाची खपली निघणे, पट्टी कायमची वाकणे किंवा क्लिपा तुटून दाराच्या पोकळीत पडणे, असे बहुतेक नुकसान भाग कशाने धरला आहे हे ओळखण्यापूर्वीच जोर लावल्यामुळे होते. जोडणीचा प्रकार आधी ओळखावा, तो प्रकार ज्या दिशेने सुटतो त्याच दिशेने जोर लावावा आणि प्लास्टिक व गोंद यांचे तापमान सांभाळावे, या तीन नियमांवर पुढील सर्व मार्गदर्शन आधारलेले आहे.

बोरी अरबच्या परिसरात या कामाचे महत्त्व

यवतमाळ–दारव्हा मार्गावरील बोरी अरब आणि आसपासची गावे काळ्या कापसाच्या जमिनीच्या पट्ट्यात वसलेली आहेत. ही माती पावसाळ्यात चिकट होऊन चाकांवाटे उडते, क्लॅडिंगच्या आतल्या बाजूस थराथराने साचते आणि पाणी बराच काळ धरून ठेवते. बाहेरून धुतलेली गाडी स्वच्छ दिसत असली, तरी आवरणामागचा हा ओला थर पत्र्याशी लागून राहतो आणि जेथे रंगाला बारीकसा ओरखडा असेल तेथे गंज धरू लागतो. शेतरस्त्यांवरून नियमित धावणाऱ्या गाडीची चाकांभोवतीची आवरणे पावसाळा संपल्यावर एकदा काढून आतील बाजू धुणे, म्हणूनच, गंज रोखण्याचा खरा उपाय आहे.

हवामानाचा दुसरा परिणाम प्लास्टिकवर होतो. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४–४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा त्याहूनही बराच अधिक तापतो. क्लिपा बहुधा नायलॉनच्या किंवा तत्सम चिवट प्लास्टिकच्या असतात. नायलॉन हवेतील ओलावा शोषून घेऊन लवचीक राहते आणि दीर्घकाळ कोरड्या उष्णतेत राहिल्यास कडक व ठिसूळ होते. त्यामुळे दमट किनारपट्टीवरच्या गाडीत शाबूत निघणारी क्लिप विदर्भातील तितक्याच जुन्या गाडीत कट्‌कन तुटू शकते. या भागातील वाहनमालकाने क्लिप हा एकदाच वापरायचा माल समजावा आणि काम हाती घेण्यापूर्वी त्या मापाच्या काही नव्या क्लिपा यवतमाळच्या किंवा दारव्ह्याच्या सुट्या भागांच्या दुकानातून आणून ठेवाव्यात. दुकानदाराला गाडीचे मॉडेल व उत्पादनाचे वर्ष सांगावे आणि शक्य झाल्यास जुनी क्लिप नमुना म्हणून दाखवावी, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या क्लिपांच्या दांड्याचा व्यास आणि लांबी वेगवेगळी असते.

जोडणीचे प्रकार

बाह्य भागांची जोडणी ठोकळमानाने पाच प्रकारची असते. पहिला प्रकार दाबून बसवायच्या क्लिपचा असून तिच्या दांड्यावर एकाखाली एक तिरके पंख असतात. छिद्रात शिरताना हे पंख आत दबतात आणि पलीकडे गेल्यावर उघडून पत्र्याला अडकतात. दुसरा प्रकार दोन तुकड्यांच्या पिनेचा आहे. तिच्या मधोमध एक बारीक खुंटी असते व ती खुंटी आत असेपर्यंत बाहेरचे पाय फाकलेले राहतात. चाकाच्या आतील मडफ्लॅप, बंपरची खालची कड आणि जाळीची वरची बाजू येथे ही पिन हमखास आढळते. तिसरा प्रकार स्क्रू, बोल्ट किंवा आतून लावलेल्या नटांचा. चौथा प्रकार दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या टेपचा असून दारावरची बीडिंग, मोनोग्राम आणि खिडकीवरचे पावसाळी व्हायझर यांना ती सर्रास वापरली जाते. पाचवा प्रकार सरकपट्टीचा. यात पट्टी पत्र्यावरील खुंट्यांवर आडवी सरकवून बसवलेली असते आणि समोरून ओढल्यास ती सुटण्याऐवजी फाटते.

एकाच भागात दोन किंवा तीन प्रकार एकत्र असणे ही नेहमीची बाब आहे. क्लॅडिंगची वरची कड टेपने चिकटवलेली, मधला भाग क्लिपांनी धरलेला आणि चाकाजवळचे टोक स्क्रूने आवळलेले असू शकते. जुन्या पिढीतील गाड्यांची गोष्ट निराळी होती. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या पद्मिनीवर आणि तिच्या काळातील ॲम्बॅसेडरवर चकचकीत पट्ट्या धातूच्या असत. अशा पट्ट्या स्प्रिंगच्या क्लिपांवर बसवलेल्या असल्यास धोका क्लिप तुटण्याचा नसून पट्टीला कायमची मुरड पडण्याचा असतो. पातळ धातूला एकदा मुरड पडली की ती हाताने पूर्ववत होत नाही, आणि अशा गाड्यांची पट्टी आता बाजारात सहज मिळतही नाही. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने पट्टी एका टोकाकडून उचलत न नेता प्रत्येक क्लिपपाशी थोडथोडी सैल करत सर्व लांबीभर समान रीतीने वर आणावी.

पूर्वतयारी

काम सुरू करण्यापूर्वी गाडी सावलीत उभी करून पाण्याने व शाम्पूने धुवावी. कडेच्या फटीत काळ्या मातीचे कण राहिल्यास पट्टी हलताना तेच कण रंगावर घासले जातात आणि कामाच्या शेवटी दिसणारे बारीक ओरखडे बहुधा त्यांचेच असतात. त्यानंतर भागाची तपासणी करावी. दार उघडून त्याच्या कडेवर, चाकाच्या कमानीच्या आत आणि गाडीच्या खालच्या अंगाला कोठे स्क्रू किंवा पिना आहेत ते विजेरीच्या उजेडात पाहावे. मागच्या दारावरचा क्रोमचा पट्टा बहुतेक गाड्यांत आतून नटांनी आवळलेला असतो; दाराचे आतील आवरण न काढता तो बाहेरून ओढल्यास प्लास्टिकमधील खुंटे मुळासकट उपटले जातात. त्याच पट्ट्यात नंबरपाटीचा दिवा, झाकण उघडण्याची कळ किंवा कॅमेरा असल्यास त्यांच्या तारांचे सॉकेट आधी सोडवावे लागते. तपासणी करताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र मोबाईलवर काढून ठेवल्यास पुन्हा जोडणी करताना शंका राहत नाही.

हत्यारांमध्ये प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्यांचा संच सर्वांत महत्त्वाचा आहे. सुट्या भागांच्या दुकानात तो ट्रिम टूल या नावाने मिळतो. लोखंडी पेचकस हे या कामातील नुकसानीचे प्रमुख कारण आहे, कारण आजच्या गाड्यांच्या बाह्य पत्र्याची जाडी साधारण पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते आणि कारखान्यातील रंगाचे सगळे थर मिळूनही एका मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्श्याच्या पुढे सहसा जात नाहीत. पेचकसाची धार ज्या बिंदूवर टेकते तेथे हा रंग तर जातोच, शिवाय पत्र्याला आतल्या बाजूने खळगाही पडतो. प्लास्टिकचे हत्यार वापरतानासुद्धा ते जेथे टेकणार आहे तेथे मास्किंग टेपचे दोन-तीन थर चिकटवावेत. याशिवाय हीट गन किंवा घरातील हेअर ड्रायर, गळाला लावतात ती नायलॉनची तंगूस, मऊ कापड, टेपचा गोंद काढण्याचे द्रव आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल हे साहित्य जवळ असावे.

पूर्वी डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाडीच्या बाबतीत आणखी एक तपासणी अनिवार्य ठरते. पोच्यावर लांबी भरून पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावरचा रंग कारखान्यातील भट्टीत सुमारे १४० अंशांवर पक्क्या झालेल्या रंगाइतका घट्ट बसलेला नसतो, आणि टेप ओढताना तो टेपसोबतच सोलून येण्याची शक्यता असते. मऊ कापडात गुंडाळलेला लहान चुंबक पत्र्यावरून फिरवल्यास लांबी भरलेल्या जागी त्याची पकड सैल झाल्याचे जाणवते. अशा जागी उष्णता कमी द्यावी, तंगूस अधिक सावकाश चालवावी आणि रंग उचलला जात असल्याचे दिसताच काम थांबवावे.

क्लिपा व पिना सोडवणे

क्लिपवरील भाग काढताना हत्यार क्लिपच्या शक्य तितक्या जवळ सरकवावे. दोन क्लिपांच्या मधोमध उचकटल्यास पट्टी धनुष्याकार होते, जोर तिच्या पाठीवर पडतो आणि क्लिप सुटण्यापूर्वी पट्टीच तडकते. पहिली क्लिप कोठे आहे हे कळत नसेल, तर कडेवर बोटांनी हलका दाब देत पुढे जावे. जेथे आवरण दबत नाही तेथे त्याच्या मागे क्लिप किंवा स्क्रू असतो. हत्यार तेथे टेकवून पत्र्याला लंब, म्हणजे सरळ बाहेरच्या दिशेने, बेताचा व वाढता जोर लावावा. क्लिपचे पंख दबून ती सुटली की टक असा आवाज येतो आणि हाताला एकदम सैलपणा जाणवतो. हा आवाज न येता आवरण वाकू लागले, तर आणखी कोठेतरी स्क्रू शिल्लक आहे किंवा भाग सरकवून काढण्याचा आहे, असे समजून पुन्हा तपासणी करावी. एक क्लिप सुटल्यावर लगेच पुढच्या क्लिपकडे जावे आणि सुटलेला भाग दुसऱ्या हाताने आधार देऊन धरावा, जेणेकरून त्याच्या वजनाने उरलेल्या क्लिपा तिरप्या होणार नाहीत.

आवरण निघाले आणि क्लिप पत्र्यातच राहिली, तर तिच्या टोपीखाली दुबेळक्यासारखे हत्यार घालून ती वर उचलावी. तुटलेल्या क्लिपचा तुकडा दाराच्या पोकळीत पडल्यास तो तसाच सोडू नये. दाराच्या तळाशी पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. तुकडा व माती मिळून ती छिद्रे बुजली, तर पाणी आत साचते आणि दार आतून गंजते.

दोन तुकड्यांच्या पिनेत मधली खुंटी काहींमध्ये आत दाबल्याने, काहींमध्ये बाहेर ओढल्याने, तर काहींमध्ये पेचकसाने चतकोर फेरा फिरवल्याने सुटते. खुंटीवर फुलीची खाच असल्यास फिरवून पाहावे, काठाशी नख जाण्याइतकी फट असल्यास ती उचलावी आणि टोपी सपाट व बंद असल्यास बोथट टोकाने ती हलकेच आत दाबावी. बोरी अरबसारख्या काळ्या मातीच्या गावात या पिनांच्या फटी वाळलेल्या चिखलाने भरून घट्ट झालेल्या असतात. त्या कोरड्या असतानाच ओढू नयेत, तर पाण्याने भिजवून जुन्या टूथब्रशने साफ कराव्यात. गंजलेल्या स्क्रूवर गंज सोडवणारे तेल टाकून ते मुरू द्यावे आणि त्याच्या डोक्यात अचूक बसणाऱ्या मापाचाच पेचकस वापरावा. षटकोनी चांदणीसारखी खाच असलेल्या स्क्रूला फुलीचा पेचकस लावल्यास खाच घासते, आणि मग स्क्रू ड्रिलने कापण्याखेरीज गत्यंतर राहत नाही.

टेपने चिकटवलेले भाग

या प्रकारात उष्णता हेच मुख्य साधन आहे. फोमच्या टेपचा गोंद ५० ते ६० अंशांच्या आसपास बराच मऊ होतो, आणि एवढ्या तापमानाने कारखान्यातील रंगाला अपाय होत नाही. हीट गन पत्र्यापासून वीतभर दूर धरून ती सतत फिरती ठेवावी. एकाच जागी रोखून धरल्यास प्लास्टिकला लाट येते व रंगाला फोड येतात. तापमान मोजण्याचे यंत्र नसल्यास हाताची पालथी बाजू पत्र्याला लावावी: दोन-तीन सेकंदांपलीकडे हात टिकत नसेल, तर उष्णता पुरेशी झाली असून आणखी देऊ नये. मे महिन्यातील दुपारचे ऊन फुकटची उष्णता देते म्हणून भर उन्हात हे काम करण्याचा मोह टाळावा, कारण तेव्हा संपूर्ण पट्टीचा गोंद एकाच वेळी रबरासारखा ताणला जातो, फोम तुटतो, लगदा पत्र्यावर पसरतो आणि तो काढणारे द्रव चटकन उडून जाते. याउलट डिसेंबर-जानेवारीतील थंड सकाळी प्लास्टिक ठिसूळ असते, म्हणून त्या दिवसांत दुपारची वेळ निवडणे श्रेयस्कर ठरते.

गोंद मऊ झाल्यावर पट्टीचे एक टोक जेमतेम उचलून तिच्यामागे तंगूस घालावी, तिची दोन्ही टोके बोटांना अथवा लाकडाच्या छोट्या तुकड्यांना गुंडाळावी आणि करवतीप्रमाणे पुढे-मागे ओढत फोमचा थर मधोमध कापत न्यावा. तंगूस पत्र्याला समांतर राहिली पाहिजे. ती तिरपी झाली, तर रंगात किंवा पट्टीच्या पाठीत खाच पाडते. वीतभर अंतर कापून झाले की पुढच्या भागाला उष्णता द्यावी. मोनोग्राम काढताना काही अक्षरांच्या मागे जागा निश्चित करणाऱ्या बारीक खुंट्या असतात, आणि तंगूस एका ठिकाणी अडून बसली, तर तेथे खुंटी असल्याचे ओळखून ती कापण्याचा प्रयत्न न करता अक्षर सरळ बाहेर घ्यावे. पट्टी पुन्हा त्याच जागी लावायची असल्यास काढण्यापूर्वीच तिच्या वरच्या कडेशी मास्किंग टेपची रेघ आखून ठेवावी.

पत्र्यावर उरलेला फोमचा थर कोमट करून अंगठ्याने रगडल्यास त्याच्या गुंडाळ्या होऊन निघतात. राहिलेल्या चिकट थरावर गोंद काढण्याचे द्रव लावून, थोडा वेळ थांबून, मऊ कापडाने पुसावे. ग्रामीण भागात या कामासाठी रॉकेल वापरण्याची रीत आहे. त्याने गोंद सुटतो, मात्र तेलकट थर मागे राहतो, म्हणून त्यानंतर साबणाच्या पाण्याने धुऊन अल्कोहोलने पुसणे आवश्यक असते. पेट्रोल कदापि वापरू नये, कारण हीट गन जवळ असताना त्याच्या वाफा पेट घेऊ शकतात; त्याचप्रमाणे रंगाचे थिनर पुन्हा रंगवलेला पत्रा व प्लास्टिक दोन्ही विरघळवते. कोणतेही द्रव प्रथम दाराच्या आतील कडेवर, नजरेआड असलेल्या जागी, लावून पाहावे.

बीडिंग कायमची काढून टाकण्याचा विचार असल्यास एक वस्तुस्थिती आधीच लक्षात घ्यावी. वर्षानुवर्षे उन्हात राहिलेल्या गाडीचा उघडा रंग फिका पडतो आणि पट्टीखालचा रंग मूळ तेजाचा राहतो, त्यामुळे पट्टी निघाल्यावर तिच्या आकाराची छटा दिसते. पॉलिशने ती बरीच कमी होते, पण जुन्या गाडीत ती पूर्णपणे जाईलच असे नाही.

जपून हाताळायचे भाग

काचेच्या खालच्या कडेची बाह्य पट्टी काढताना काच पूर्ण खाली घ्यावी, दाराच्या कडेवरचा स्क्रू असल्यास तो काढावा आणि पट्टी सरळ वरच्या दिशेने, दोन्ही हातांनी, थोडथोडी उचलावी. पुढच्या व मागच्या मोठ्या काचेभोवतीची पट्टी मात्र वाहनमालकाने स्वतः काढू नये. ही काच पॉलियुरेथेनच्या गोंदाने सांगाड्याला चिकटवलेली असते, आणि चुकीचा जोर लागल्यास काच तडकते किंवा पाणी झिरपू लागते.

बंपर काढण्यासाठी दोन माणसे असावीत, कारण एका बाजूने सुटलेला बंपर लोंबकळला की दुसऱ्या बाजूच्या क्लिपा व मडगार्डची कड मोडते. फॉग लॅम्प, पार्किंग सेन्सर आणि त्यांच्या तारा आधी सोडवाव्यात. पुढच्या बाजूला एअरबॅगसाठीचे धडक ओळखणारे सेन्सर असू शकतात; त्यांच्या परिसरात ठोकठाक करू नये व इग्निशन बंदच ठेवावे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरपाटी लावूनच दिली जाते, आणि महाराष्ट्रात त्यापूर्वीच्या वाहनांनाही ती बंधनकारक करण्यात आली आहे. ही पाटी ज्या स्नॅप लॉकने बसवलेली असते ते एकदा तोडले की पुन्हा वापरता येत नाही, म्हणून पाटी न काढता ती बंपरसकटच उतरवावी.

पुन्हा बसवणे

काढलेला भाग बसवण्यापूर्वी मागचा पत्रा धुऊन पूर्ण वाळवावा, छिद्रांच्या काठावर गंज किंवा ओरखडा दिसल्यास तो घासून प्राइमर व टच-अपचा रंग लावावा आणि तो सुकल्यावरच नव्या क्लिपा बसवाव्यात. क्लिपच्या टोपीखाली रबराची चकती असल्यास ती वगळू नये, कारण त्या छिद्रातून पाणी आत जाणे तीच रोखते. क्लिपा पट्टीच्या खाचेत आधी बसवून, प्रत्येक दांडा आपापल्या छिद्रासमोर आला आहे याची खात्री करून, मगच तळहाताने एकेक दाबावी. तिरपी क्लिप ठोकून बसवण्याचा प्रयत्न झाल्यास तिचे पंख मोडतात.

टेपच्या बाबतीत जुन्या फोमवर नवा गोंद लावणे टिकत नाही. जुना थर दोन्ही बाजूंनी साफ करून, अल्कोहोल व पाणी समप्रमाणात मिसळून पुसून, गाडीच्या बाह्य भागांसाठी असलेली ॲक्रेलिक फोमची टेप लावावी. टेप लावताना पत्रा साधारण २० ते ४० अंशांच्या दरम्यान असावा. तिची पकड दाबाने येते, म्हणून संपूर्ण लांबीवर घट्ट दाब द्यावा. पूर्ण ताकद यायला सुमारे ७२ तास लागतात, आणि त्या काळात जोराच्या फवाऱ्याने गाडी धुऊ नये.

या कामात लागणारी हत्यारे स्वस्त आहेत व कौशल्यही अवघड नाही. लागतो तो वेळ आणि तपासणीची शिस्त. भाग कशाने धरला आहे हे निश्चित सांगता येत नसेल, तर तो ओढू नये आणि माहीतगार कारागिराला दाखवावा, कारण क्लिप काही रुपयांत नवी मिळते, पण एकदा गेलेला कारखान्याचा रंग कोणत्याही गॅरेजमध्ये जसाच्या तसा परत मिळत नाही.